रनिंग फक्त १.३ मैल

(दृश्य: धुळीने माखलेला जुना पिकअप. कॅमेरा दारातून आत शिरतो आणि मीटरवर स्थिरावतो.)

जुनी गाडी बघायला गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, रनिंग किती? मालक आकडा सांगतो आणि आपण मनातल्या मनात त्यात भर घालतो. मीटर मागे फिरवता येतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

हा पिकअप १९५८ सालचा. शेव्हरोले कॅमिओ. मीटर दाखवतंय १.३ मैल, म्हणजे दोन किलोमीटर आणि वर थोडंसं. ५५ वर्षांत एवढंच. आणि या आकड्यात भर घालायचं कारणच नव्हतं, कारण ही गाडी २०१३ मधल्या लिलावापर्यंत विकलीच गेली नव्हती. तिला फर्स्ट ओनरच मिळाला नव्हता.

(दृश्य: सपाट शेतं, सरळसोट रस्ता, लहानसं गाव.)

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं हे पिअर्स. वस्ती जेमतेम १,८००. रे लॅम्ब्रेक्ट यांनी आपल्या काकांबरोबर १९४६ साली इथे शेव्हरोलेची डीलरशिप सुरू केली. हिशेबाचं काम पत्नी मिल्ड्रेड पाहायच्या. गाड्या दुरुस्त करायला एक मेकॅनिक. या एवढ्याशा पसाऱ्यावर दुकान १९९६ पर्यंत, तब्बल ५० वर्षं चाललं.

लॅम्ब्रेक्ट यांची धंद्याची रीत वेगळी होती. घासाघीस नाही, गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच शेवटचा भाव सांगायचा. वर्ष संपलं, नवं मॉडेल आलं आणि एखादी गाडी उरली, तर इतर डीलर ती सूट देऊन काढून टाकायचे. लॅम्ब्रेक्ट ती गोदामात लावून ठेवायचे. एक्स्चेंजमध्ये आलेल्या जुन्या गाड्याही बहुतेक विकायच्या नाहीत, शेतावर नेऊन उभ्या करायच्या. करता करता ५००च्या आसपास गाड्या जमल्या. त्यातल्या ५० एक तर अशा, की दहा मैलही चालल्या नव्हत्या.

शेवटी २८ आणि २९ सप्टेंबर २०१३ या दोन दिवसांत या सगळ्यांचा लिलाव झाला. लॅम्ब्रेक्ट यांनी तेव्हा नव्वदी ओलांडली होती. गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या आणि त्या छोट्या गावात हजारोंची जत्रा भरली. टीव्हीवर थेट प्रक्षेपण झालं.

(दृश्य: पुन्हा कॅमिओ. मागचा भाग, हौद्याच्या बाजू.)

हा पिकअप जरा जवळून बघू. १९५५च्या आधी पिकअप म्हणजे शेतकऱ्याचं, मालवाहतुकीचं वाहन. मागच्या हौद्याच्या बाजूने चाकांवरचे मडगार्ड बाहेर डोकावायचे. शेव्हरोलेच्या पिकअपमध्ये कॅमिओने पहिल्यांदा हौद्याच्या बाजू केबिनशी सलग, गुळगुळीत केल्या. त्या बाजू पत्र्याच्या नाहीत, फायबरग्लासच्या आहेत. पिकअप असून कारसारखा दिसावा, ही त्यामागची कल्पना. किंमत जास्त असल्यामुळे खप बेताचाच राहिला आणि १९५८ मध्ये कॅमिओ बंद झाली. बंद पडलेल्या मॉडेलच्या शेवटच्या वर्षातली, कोणी न चालवलेली ही गाडी. बोली थांबली १,४०,००० डॉलरवर. त्या वेळच्या दराने ८५ लाख रुपयांच्या वर.

१९६३ची इम्पाला, ११ मैल चाललेली, ९७,५०० डॉलरला गेली.

आणि १९७८ची कॉर्व्हेट, शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार. इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत त्या वर्षी कॉर्व्हेट ‘पेस कार’, म्हणजे सुरुवातीला सगळ्या गाड्यांच्या पुढे धावणारी गाडी होती. त्या निमित्ताने काळ्या-चंदेरी रंगात ६,५०२ गाड्या काढल्या गेल्या. पुढे किंमत वाढेल म्हणून कित्येकांनी त्या घेऊन नुसत्या झाकून ठेवल्या. त्यामुळे कमी चाललेली पेस कार शोधायला आजही फार वणवण करावी लागत नाही, आणि म्हणूनच तिला फारसा भावही येत नाही. पिअर्समधल्या पेस कारला मात्र ८०,००० डॉलर मिळाले. मॉडेल तेच, रंग तोच. माझ्या मते जास्तीचे पैसे त्या गोदामाचे होते. गाडी पहिल्या दिवसापासून कुठे होती आणि कोणाच्या ताब्यात होती, हे यात निर्विवाद होतं. संग्राहक शेवटी याचीच किंमत मोजतो.

(दृश्य: काचेवर चिकटवलेला, पिवळा पडलेला कागद.)

हा कागद बघा. १९५८च्या कायद्याने अमेरिकेत प्रत्येक नव्या कारच्या काचेवर कंपनीची किंमत लिहिलेला कागद लावणं सक्तीचं झालं. मूळ किंमत, जोडलेल्या प्रत्येक वस्तूचे पैसे, वाहतूक खर्च, सगळं छापलेलं. गाडी घरी आली की मालक तो पहिल्यांदा खरवडून काढतो. पत्रा सरळ करता येतो, सीट नव्याने शिवता येते, रंग तर कितीदाही देता येतो. पण त्याच गाडीवर त्या दिवशी लागलेला हा कागद पुन्हा आणता येत नाही.

मनाला लागतात त्या शेतातल्या गाड्या. ऊन, पाऊस, बर्फ खाऊन पत्रा गंजला होता. मधून झाडं वाढली होती; गाड्या बाहेर काढण्यासाठी आधी ती तोडावी लागली. आणि छपराखालच्या गाड्याही लगेच किल्ली फिरवण्याजोग्या नसतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर बसतो, ब्रेकचे रबर कडक होतात, टायर एका जागी चपटे होतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. सगळं बदललं तर गाडी चालेल, पण मग ती ‘न हात लावलेली’ राहणार नाही. बोली जिंकणाऱ्याला हा निर्णय एकदाच घेता येतो.

शेव्हरोले आपल्याकडे उपरी नाही. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज आणि प्लिमथ या दुसऱ्या अमेरिकन गाड्याही जुळल्या. त्या काळची एखादी गाडी कुणाच्या वाड्यात, बंगल्याच्या मागच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली अजूनही असेल. ती विकायची असो वा ठेवायची, एवढं करा. धूळ न झटकता सगळीकडून फोटो काढा. चासी नंबर आणि इंजिन नंबर लिहून घ्या, जुन्या आरसी बुकाशी ताडून बघा. डिकीतला जॅक, पान्हे, आजोबांच्या नावाची एखादी पावती, काही फेकू नका. मूळ रंग कुठे शिल्लक आहे ते दाराच्या आतल्या कडेला शोधा.

पेंटरला नंतर बोलवा.