माळ्यावरचं अर्धं चित्र

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय अर्धवट राहिलेल्या चित्राबद्दल. म्हणजे बघा, कधीतरी हौसेनं ऑइलमध्ये चित्र सुरू केलं, आभाळ झालं, झाडं झाली, माणसाच्या हाताच्या बोटांपाशी येऊन गाडं अडलं आणि कॅनव्हास गेला माळ्यावर. आता मधल्या वर्षांत तुमचा हात बसलाय, रंग कळायला लागलेत, मग ते जुनं चित्र खाली काढायचं का? काढायचंच. पण कसं ते सांगायच्या आधी बोनारची गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पिअर बोनार, फ्रेंच चित्रकार, जन्म १८६७चा. याला आपलं चित्र पूर्ण झालं असं मनापासून कधी वाटायचंच नाही. पॅरिसच्या लक्झेंबर्ग म्युझियममध्ये याचं चित्र लागलेलं, म्हणजे सरकारी भिंतीवर गेलं, विषय संपला ना? छे! किस्सा असा सांगतात की हा आपल्या दोस्ताला, चित्रकार व्युयारला, घेऊन तिथे गेला, व्युयारनं पहारेकऱ्याला गप्पांत गुंतवलं आणि यानं खिशातून एवढीशी रंगपेटी काढून स्वतःच्याच चित्रावर दोन-चार हात मारले आणि निघाले दोघं! पहारेकऱ्याचं तरी काय चुकलं, त्याला चित्र नेणाऱ्यावर लक्ष ठेवायला सांगितलेलं, रंग देऊन जाणाऱ्यावर नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १९२१ ते २३च्या सुमारास बोनारनं एक चित्र काढायला घेतलं होतं, बागेतल्या दोन तरुणींचं. मधोमध सोनेरी केसांची रने, आपल्याकडे बघतेय, आणि खाली उजव्या कोपऱ्यात जेमतेम चेहरा दिसतो ती मार्थ, बोनारची कित्येक वर्षांची जोडीदार. आता रने कोण, तर याचं तिच्यावरही प्रेम. १९२५ साली यानं लग्न केलं मार्थशी आणि महिन्याभरात रनेनं जीव दिला. चित्र बाजूला पडलं ते पडलंच. १९४२ला मार्थ गेली. आणि मग १९४५-४६मध्ये, ऐंशीच्या घरात आलेल्या या म्हाताऱ्यानं ते चित्र परत हातात घेतलं. आज त्यात मागे जो पिवळा पेटलाय ना, सोनंच नुसतं, तो त्या शेवटच्या हाताचा असं जाणकार म्हणतात. वीस वर्षं पिवळा घोटल्यावर येतो तसला पिवळा आहे तो. आणि मार्थ? मार्थ कोपऱ्यातच आहे. हात सुधारला म्हणून त्यानं तिला उचलून मध्ये नाही बसवली.

मला सांगायचंय ते हेच. शिकलेला हात जुन्या चित्रावर सुटला की सगळंच सुधारायला जातो आणि त्या वेळचा धीट फटकाराही पुसून टाकतो. म्हणून आधी ठरवा काय *नाही* बदलायचं. परत सांगतो, आधी ठरवा काय नाही बदलायचं. चित्र आठवडाभर भिंतीला लावून ठेवा, आरशात बघा, ड्रॉइंगमधली चूक आरशात लगेच दिसते.

जाता जाता, माझं एक दुखणं. आपल्याकडे पोरं एलिमेंटरी, इंटरमीडिएट देतात, दहावीला मार्क वाढतात म्हणून, आणि निकाल लागला की रंगपेटी बंद. बरं, परीक्षेत वेळ संपला की पेपर ओढून घेतात, तेव्हा अर्धं चित्र म्हणजे नापास हे डोक्यात घट्ट बसतं! असो.

आता कामाचं. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झाडा. रंग मेल्यासारखे फिके दिसतील, घाबरू नका, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि फडक्यानं पुसून घ्या, मूळ रंग वर येतो, मगच नवा रंग जुन्याशी जुळवा. नवा थर खालच्यापेक्षा तेलकट हवा, नुसता टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला रंग वर दिलात तर पुढे तडे जातात. खाली रोडका, वर तेलकट. आणि लक्षात ठेवा, ॲक्रिलिकवर, म्हणजे पाण्यात कालवायच्या प्लास्टिक रंगांवर, ऑइल चालतं, ऑइलवर ॲक्रिलिक नाही, पापुद्रे निघतात. ऑइलवर ॲक्रिलिक नाही! गुळगुळीत भाग पॉलिश पेपरनं घासायचा मोह होईल, पण जुन्या पांढऱ्यात शिसं असू शकतं, ती भुकटी नाकात नको, तेव्हा सरळ राहू द्या.

झालं की मागे पेन्सिलनं दोन्ही साल लिहा, सुरू केल्याचं आणि परत हात घातल्याचं. बोनारच्या त्या चित्राखालीही दोन्ही तारखा लावतात. पुढच्या वेळी जलरंग घेऊ, तिथे मात्र हे काहीच चालत नाही. नमस्कार!