पठारावरची फेरी आणि पाण्याचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात रंकाळा तलावाभोवती रोज सकाळी फिरणाऱ्यांना एक खोड लागते. आम्ही सगळं चालणं फेऱ्यांत मोजतो. "आज एकच झाली", "आज दीड मारली". मीही त्यातलीच. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गोल चक्कर मारून येऊ, सगळं सपाट आहे, आठेक किलोमीटर", तेव्हा मी मनात रंकाळ्याच्या दोन फेऱ्या धरल्या आणि लगेच हो म्हणाले. महिना मार्च. माणसं चार, त्यात दहा वर्षांची पुतणी. पाणी दोन लिटर, आणि एक मोठी पिशवी भडंग.

भडंग! तिखटमिठाचं, लसणीचं. तहान लागावी म्हणून याहून चांगली सोय दुसरी नसेल.

घरातून निघता निघता नऊ वाजले. पठारावर पाय ठेवला तेव्हा साडेदहा. वारा छान होता, म्हणून ऊन जाणवलंच नाही. हा वारा फार लबाड. घाम येतो तसा वाळवून टाकतो, अंग कोरडं राहतं, आणि आपल्याला वाटतं आपण दमलोच नाही. साडेअकराला पुतणी म्हणाली, डोकं दुखतंय. बाटल्या बघितल्या तर तळाशी घोटभर पाणी. दीर म्हणाले, पुढे तळं आहे. तळं होतं, पण त्यात चिखल वाळून त्याच्या खपल्या उठल्या होत्या.

तिथे आम्हाला म्हशी राखणारे एक आजोबा भेटले. त्यांनी आधी पोरीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "पावनं, पाणी कुठाय तुमचं?" दिरांनी रिकामी बाटली दाखवली. "अवो, ह्यो सडा हाय. पावसाळ्यात हितं बूड टेकायला कोरडी जागा गावत न्हाई, आन् आता चिमणीला थेंब न्हाई." आणि स्वतःच्या कॅनमधलं पाणी त्यांनी पोरीला पाजलं. आम्हाला मात्र नजरेनंच काय ते सुनावलं.

आजोबांचं बोलणं मी नंतर समजून घेतलं. सडा म्हणजे असं उघड्या कातळाचं पठार. हे पठार जांभ्याचं. वर लोखंडाच्या अंशानं घट्ट झालेलं तांबडं-काळपट कवच, आत सगळी भोकं. पावसाचं पाणी थोडंसं वरच्या खळग्यांत साठतं, बाकीचं भेगांतून मुरतं आणि पठाराच्या कडेखाली झऱ्यांतून बाहेर येतं. म्हणून गावं खाली, विहिरी खाली, वर काही नाही. माती बोटभर, तिच्यात मोठ्या झाडाचं मूळ टिकत नाही, म्हणून सावली नाही. जैसलमेरला वर्षाकाठी पाऊस 200 मिलिमीटरच्या आत, तर आपल्याच जिल्ह्यातल्या गगनबावड्याला 5000 मिलिमीटरच्या पुढे. पन्हाळ्याच्या बाजूलाही पाऊस काही कमी नाही. पण मार्चमध्ये त्या कातळावर उभं राहिलं की चालणाऱ्याच्या दृष्टीनं ते वाळवंटच. तिथे जाण्याची तयारीही वाळवंटात जातोय अशीच करायला हवी.

आपली फसगत होते ती आठवणीमुळे. शिवाजी महाराज 12 जुलै 1660 च्या रात्री पन्हाळ्याचा वेढा चुकवून विशाळगडाकडे निघाले, ती वाट या पठारावरून जाते. दर जुलैत हजारो पोरं त्या वाटेनं पावनखिंडीकडे चालतात, धुकं, चिखल, धो धो पाऊस. ऑगस्ट-सप्टेंबरात सोनकी आणि सीतेची आसवं फुलतात, त्यांचे फोटो मोबाइलवर फिरतात. मसाई म्हणजे ओलं, हिरवं, हेच डोक्यात बसलेलं. उन्हाळ्यातल्या मसाईचा फोटो कोण काढतो?

आता तयारीचं. पहिलं पाणी. उन्हात चालताना माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. चार तासांच्या फेरीला माणशी तीन लिटर धरा. तीन लिटर म्हणजे पाठीवर तीन किलो. जड वाटेल, पण हे ओझं दर तासाला कमी होत जातं. शिवाय एक पाच लिटरचा कॅन गाडीत ठेवायचा, तो परतल्यावरचा. नुसतं पाणीही पुरत नाही, घामातून मीठ जातं. ताक, मीठ-साखर-लिंबू, किंवा औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी. आणि गुळाचा खडा. कोल्हापूरच्या माणसाला गूळ-पाण्याचं महत्त्व मी काय सांगणार!

दुसरं घड्याळ. ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं परतायचं असेल तर कंटाळा आल्यावर कुठूनही मागे वळता येतं, आणि प्रत्येक पावलाला घर जवळ येतं. गोल वाटेचं तसं नाही. अर्धी फेरी झाली की मागे फिरा नाहीतर पुढे जा, अंतर तेवढंच. आम्ही नेमके तिथेच अडकलो होतो. म्हणून गोल वाटेवर निर्णय अर्ध्याच्या आधी घ्यायचा. फेरी चार तासांची असेल तर सव्वा तासाला थांबायचं आणि बाटल्या बघायच्या. तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त पाणी संपलं असेल, किंवा कुणाचं डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात गोळे येताहेत, तर आल्या वाटेनं परत. यात हार-जीत काही नाही. आणि कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं, तर सावली करून ओल्या फडक्यानं अंग पुसत राहायचं आणि 108 ला फोन. फोनची रेंज मध्येच जाते, तेव्हा किती वाजता परतणार हे घरी कुणाला तरी सांगून निघावं.

निघायचं पहाटे. फेब्रुवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्या वेळी पाय पठारावर हवेत. पन्हाळ्याच्या बाजूनं चढलात तर जाताना तोंड पश्चिमेला, ऊन पाठीवर. मसाईदेवीचं देऊळ लागतं तिथे सावलीत बसून पहिली भाकरी-चटणी खाऊन घ्यावी. दुसरी सावली कधी मिळेल ते सांगता येत नाही. डोक्याला टॉवेल किंवा सरळ काळी छत्री. छत्री घेऊन चालणाऱ्याला तरुण मंडळी हसतात, हसू देत. कोल्हापुरी चप्पल मात्र घरी ठेवा. वाळल्या गवतावर कातडी तळवा असा घसरतो की विचारू नका. दगडावर हात टेकण्याआधी कपारीत बघा, फुरसं तिथेच बसतं.

आणि चूल मांडायची नाही, विडी-सिगारेट नाही. ते वाळलेलं गवत एका ठिणगीनं पेटतं आणि वणवा धावतो तो आपल्यापेक्षा जोरात. शिवाय पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघं पुन्हा गेलो. बारा लिटर पाणी, दोन छत्र्या, भडंग नाही. पुतणीनं सव्वा तासाला गजर लावला होता आणि तो वाजल्यावर तिनं सगळ्यांच्या बाटल्या उजेडात धरून बघितल्या, दिरांची दोनदा. साडेदहाला आम्ही गाडीपाशी होतो. वाघबीळ उतरून गावात आलो, तर मिसळ अजून संपली नव्हती.

नमस्कार.