काडी मोडलेला बाण

(विज्ञान दिनानिमित्त एका तालुक्याच्या गावी शाळेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुलांनो आणि पालक मंडळी,

या टेबलावर दोन वस्तू आहेत. एक दिवाळीतला बाण, पाण्यात भिजवून निकामी केलेला. दुसरी दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली. तिच्या तोंडाकडच्या बाजूला तीन पंख चिकटवलेत आणि बुडावर कागदाचं टोपरं बसवलंय. बोलणं आटपलं की ही बाटली आपण मैदानावर उडवणार आहोत.

आधी बाण. मी जिथे जातो तिथे विचारतो, बाणाला काडी कशासाठी असते? आत्ताही पुढच्या रांगेतून उत्तर आलं, "बाटलीत उभा करायला." सगळीकडे हेच उत्तर येतं. पण तसं असतं तर बाण सुटल्याबरोबर काडीचं काम संपलं असतं. काडी मोडलेला बाण ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा. वात पेटते, बाण पुरुषभर उंच जातो आणि तिथेच गिरकी घेऊन कुणाच्या तरी गॅलरीत नाहीतर उभ्या रिक्षाखाली शिरतो. दारू तेवढीच होती, जोरही तेवढाच होता. दिशा तेवढी गेली.

रॉकेटपुढे दोन कामं असतात, वर जाणं आणि सरळ जाणं. आग, धूर, आवाज हे सगळं पहिल्याच्या वाट्याला येतं, म्हणून लोक त्याच्याबद्दलच बोलतात. मी वर्षानुवर्षं मुलांबरोबर रॉकेटं उडवतोय. त्यातली जी फसली, ती जोर कमी पडला म्हणून क्वचितच फसली. बहुतेक सरळ राहिली नाहीत म्हणून फसली. तेव्हा आज मी त्या दुसऱ्या कामावर जास्त रेंगाळणार आहे.

आपल्या भाषेत धनुष्यातून सुटतो तोही बाण आणि दारूच्या जोरावर जातो तोही बाणच. बखरींमध्ये लढाईच्या वर्णनात तोफा आणि जेजाला म्हणजे लांब, जड बंदुका यांच्या जोडीनं बाण येतात, तेव्हा ते पुष्कळदा हे दारूचे बाण असतात. अठराव्या शतकात म्हैसूरच्या हैदर आणि टिपूनं या बाणाला लोखंडी नळी दिली. कागदाची किंवा बांबूची नळी जास्त दाब सोसत नाही, फुटते. लोखंड सोसतं. आत दाब जास्त धरता आला की वायू जास्त वेगानं बाहेर पडतो आणि बाण लांब जातो. १७८० मध्ये पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांनी हे बाण अंगावर घेतले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यातले काही इंग्लंडला वूलिचच्या शस्त्रागारात गेले आणि ते पाहून विल्यम काँग्रीव्हनं ब्रिटिश सैन्यासाठी रॉकेटं बनवली. २०१८ साली कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर गावी एका जुन्या विहिरीत अशा गंजलेल्या बाणांच्या हजाराहून अधिक नळ्या सापडल्या. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नळी लोखंडाची झाली, तरी तिला लांब बांबू बांधावाच लागत होता. काडी सुटली नव्हती.

आता वर जाण्याचं पाहू. कोकणात होडीतून धक्क्यावर उडी मारणाऱ्यांना हे अंगानं माहीत असतं. तुम्ही पुढे उडी घेता, होडी मागे सरकते. होडीला ढकलायला मागे भिंत लागत नाही. रॉकेट काहीतरी मागे फेकतं आणि त्या फेकण्याच्या बदल्यात स्वतः पुढे जातं. जमिनीला, हवेला ढकलायची त्याला गरज नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण १९२० मध्ये अमेरिकेत 'न्यूयॉर्क टाइम्स'नं अग्रलेखात लिहिलं होतं की निर्वात पोकळीत रॉकेट चालणार नाही, आणि रॉबर्ट गॉडर्ड या प्राध्यापकाला शाळेत शिकवतात तेवढंही येत नाही असं सुचवलं होतं. त्या वर्तमानपत्रानं चूक कबूल केली १७ जुलै १९६९ रोजी, माणसं चंद्राच्या वाटेवर असताना. गॉडर्ड त्याआधी चोवीस वर्षं वारले होते.

म्हणजे किती वस्तुमान फेकता आणि किती वेगानं फेकता, या दोनच गोष्टींवर रेटा ठरतो. बंदिस्त जागेत इंधन जाळून गरम वायू तयार करायचा आणि एका अरुंद तोंडातून, नॉझलमधून, बाहेर सोडायचा. बाकी सगळी कारागिरी याभोवतीची.

ही कारागिरी मी जवळून पाहिली ती अमेरिकेत, मुलीकडे गेलो होतो तेव्हा. तिथे मुलं पुठ्ठ्याच्या नळीची, हलक्या लाकडी पंखांची रॉकेटं मैदानावर उडवतात. नातवाच्या रॉकेटमधली जळून गेलेली मोटर, म्हणजे दारूची नळी, मी करवतीनं उभी कापून पाहिली. बोटाएवढी कागदी नळी, १८ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब. खालच्या तोंडाशी भाजल्यासारखी कडक मातीची नॉझल, मधे बारीक भोक. कोरी मोटर असती तर त्यावर दाबून घट्ट बसवलेली काळी दारू दिसली असती. त्याच्यावर सावकाश जळणारा, धूर सोडणारा थर. त्याच्याही वर थोडी सुटी दारू आणि शेवटी मातीचं पातळ बूच. ही सगळी तीन अंकी नाटकाची मांडणी आहे. पहिल्या अंकात रॉकेट रेट्यानं वर जातं. दुसऱ्यात रेटा संपतो, नुसता धूर सोडत ते आपल्या वेगावर चढत राहतं. तिसऱ्यात वरची सुटी दारू पेटते आणि पॅराशूट बाहेर ढकलते.

मोटरवर 'सी ६-५' असं छापलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण आवेगाची, म्हणजे रेटा गुणिले वेळ याची, पायरी. 'ए' अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, 'बी' पाचापर्यंत, 'सी' दहापर्यंत. प्रत्येक पायरीला दुप्पट. सहा म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. पाच म्हणजे नाटकाच्या त्या दुसऱ्या अंकाचे सेकंद. हे पाचच का? शंभर ग्रॅमचं रॉकेट घ्या. मोटरचा आवेग प्रत्यक्षात नऊ न्यूटन-सेकंदांच्या आसपास असतो. गुरुत्वाकर्षणाचा वाटा वजा करा, तर दारू संपताना वेग सेकंदाला सत्तर-पंचाहत्तर मीटर निघतो. हवा नसती तर रॉकेट आणखी सात-साडेसात सेकंद चढत राहिलं असतं. हवा त्यातला बराच वेग खाते आणि साधारण पाच सेकंदांत ते शिखरावर येतं. नेमकं तिथे पॅराशूट उघडावं म्हणून तो थर तेवढा जाड. लवकर उघडलं तर वेगानं दोऱ्या तुटतात, उशिरा उघडलं तर रॉकेट नाक खाली करून जमिनीत रुततं. आणि या सगळ्याला दारू किती? अकरा ग्रॅमच्या आसपास. नऊला अकरा ग्रॅमनं भागा, वायू सेकंदाला आठशे मीटरच्या घरात बाहेर पडतो, ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगानं.

या मोटरमागे एक चप्पल-बुटांचा दुकानदार आहे. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचे ऑरव्हिल कार्लाइल. त्यांनी १९५४ मध्ये अशी बदलता येणारी मोटर आणि तिच्यावर उडणारं हलकं रॉकेट बनवलं. व्हाइट सँड्स इथल्या क्षेपणास्त्र केंद्रावर काम केलेल्या हॅरी स्टाइन यांचा रॉकेटच्या सुरक्षिततेवरचा लेख वाचून कार्लाइलनी आपली रॉकेटं त्यांना पाठवली. पुढे डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेस यांनी मोटरी भरणारं यंत्रच उभं केलं. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक हा पहिला उपग्रह उडाल्यावर अमेरिकेतली मुलं घरच्या घरी नळ्यांत काहीबाही ठासून पेटवत होती, बोटं आणि डोळे गमावत होती. कारखान्यातून भरून आलेल्या मोटरमुळे दारू हाताळणं मुलांच्या हातून काढून घेतलं गेलं. मला हा शोध रॉकेटइतकाच मोठा वाटतो. आपल्याकडे अशा मोटरी सहज मिळत नाहीत, आणि स्फोटक द्रव्यं बनवायला, बाळगायला परवाना लागतो. म्हणून हात जोडून सांगतो, फटाक्यांतली दारू काढून कुणी काही भरू नका. आपल्याला पाणी आणि हवा पुरेशी आहे. ती बाटली त्यासाठीच आहे.

आता सरळ जाणं. गॉडर्डनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी जगातलं पहिलं द्रव इंधनाचं रॉकेट उडवलं. अडीच सेकंद, साडेबारा मीटर उंची. त्याचा फोटो पाहिलात तर चमकाल. इंजिन वर आहे आणि टाक्या खाली लटकतायत! त्यांना वाटलं, वरून ओढलं की खालचं वजन लंबकासारखं सरळ राहील. खरं तर इंजिन रॉकेटलाच घट्ट जोडलेलं असतं. रॉकेट कललं की रेटाही त्याच्याबरोबर कलतो, परत सरळ करणारं काही उरत नाही. पुढे त्यांनी इंजिन खाली नेलं. एवढ्या मोठ्या माणसाची जिथे फसगत झाली, ते समजायला तुम्हाला थोडा वेळ लागला तर बिघडत नाही.

सरळ ठेवते ती हवा. देवळाच्या किंवा जुन्या इमारतीच्या माथ्यावरचा वातकुक्कुट आठवा. त्याची शेपटीची बाजू मोठी असते, वारा तिला मागे ढकलतो, म्हणून चोच वाऱ्याकडे होते. हवेत सुटलेलं रॉकेट आपल्या गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे ज्या जागी ते तोलून राहतं तिच्याभोवती, वळतं. हवेचा बाजूनं येणारा सगळा दाब जणू ज्या एका जागी लागतो, तो दाबमध्य. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर रॉकेट कललं की हवा शेपूट परत ओळीत आणते. पुढे असेल तर हवाच त्याला उलटवते. बाणाची काडी हेच करते, दाबमध्य दूर मागे नेते. पंख तेच काम कमी लांबीत करतात.

बघा, मी बाटली दोऱ्यानं समतोलावर बांधलीय, चिकटपट्टीनं दोरा पक्का केलाय. आता डोक्यावरून फिरवतो. पाहिलंत? आडवी आडवी फिरतेय, मधेच शेपूट पुढे येतंय. आता टोपऱ्याखाली ओल्या शाडूचा हा लिंबाएवढा गोळा बसवतो, नवा समतोल शोधून दोरा तिथे सरकवतो. पुन्हा फिरवू. नाक पुढे आलं, आणि तिथेच राहिलं. पंख तेच आहेत. मी फक्त गुरुत्वमध्य पुढे नेला. दोन्ही मध्यांमध्ये नळीच्या एक ते दोन जाडींएवढं अंतर असलं की काम भागतं. मग पंख खूप मोठे करून टाकावेत का? नाही. फार मोठ्या पंखांचं रॉकेट वातकुक्कुटासारखं वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि वर जायचं सोडून शेतांवरून तिरपं निघतं.

सुटताना वेग नसतो, तेव्हा पंखांना हवेची पकडही नसते. म्हणून सुरुवातीला रॉकेट जिच्यावरून सरळ सरकत जाईल अशी मीटरभर उंचीची सळई लागते. मोटरमध्येही त्याची सोय केलेली असते. दारू उदबत्तीसारखी टोकाकडून जळते, म्हणून रेटा एकसारखा राहतो. पण नॉझलजवळ दारूत एक छोटा खळगा ठेवलेला असतो. सुरुवातीला जळायला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि 'सी ६' चा रेटा क्षणभर चौदा न्यूटनच्या जवळ जातो, सरासरीच्या दुपटीहून वर. सळई सुटायच्या आत रॉकेटला वेग मिळतो. एवढाशा खळग्यात किती विचार आहे!

दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात मी पुठ्ठ्याचे पंख लावले होते. बाटलीच्या तोंडातून पाणी झिरपत होतं, पंख भिजून मऊ पडले आणि माझ्या लक्षात आलं नाही. बाटली सुटली, दहा-बारा मीटरवर कोलमडली आणि शेजारच्या उसात घुसली. कुणाला लागलं नाही. त्या दिवसापासून मी सनपॅक शीटचे, म्हणजे पोकळ प्लॅस्टिकच्या पत्र्याचे, पंख लावतो आणि उडवण्याआधी प्रत्येक पंख बोटानं दाबून बघतो.

मोठ्या रॉकेटचं गणित रशियातल्या कालुगा गावच्या एका शाळामास्तरानं, त्सिओल्कोव्हस्कीनं, १९०३ मध्ये मांडलं. रॉकेटचं सुरुवातीचं वजन भागिले इंधन संपल्यावरचं वजन, हे गुणोत्तर दुप्पट केलं की वेगात ठरावीक भर पडते. पुन्हा दुप्पट करा, पुन्हा तेवढीच. वायू सेकंदाला अडीच किलोमीटरनं बाहेर पडत असेल तर प्रत्येक दुपटीला मिळतात पावणेदोन किलोमीटरपेक्षा किंचित कमी. कक्षेत जायला, हवेची आणि गुरुत्वाकर्षणाची तूट धरून, नऊ-साडेनऊ लागतात. म्हणजे पाच-साडेपाच वेळा दुप्पट, चाळीसपट वजन. एका नळीत ते बसत नाही, म्हणून रिकामे टप्पे टाकत जावं लागतं. आपलं एसएलव्ही-३ १८ जुलै १९८० रोजी असंच गेलं. चार टप्पे, चारही घन इंधनाचे, सतरा टनांचं रॉकेट, आणि वर पोचला पस्तीस किलोचा रोहिणी उपग्रह. त्या वेळी तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते आपले वसंतराव गोवारीकर, आणि देशात घन इंधन उभं करणाऱ्यांत ते आघाडीवर होते. मोठ्या घन मोटरी टोकाकडून नाही, मधल्या पोकळीतून बाहेरच्या दिशेनं जळतात. पोकळीचा आकार, कधी चांदणीसारखा, असा ठरवतात की कुठल्या क्षणी किती पृष्ठभाग जळेल ते आधीच हातात राहावं. त्या छोट्या खळग्याचीच ही थोरली बहीण.

आता आपली बाटली. तिसरा हिस्सा पाणी, साधारण साडेसहाशे मिलिलिटर. फार भरलं तर ढकलायला हवा उरत नाही, फार कमी घेतलं तर फेकायला वस्तुमान उरत नाही. सायकलच्या पंपानं साठ पीएसआय, म्हणजे चार वातावरणांएवढा जास्तीचा दाब. पाणी सेकंदाला अठ्ठावीस मीटरनं, ताशी शंभर किलोमीटरनं बाहेर पडेल. दारूच्या वायूपुढे हे काहीच नाही, पण पाणी जड आहे आणि बाटलीचं तोंड रुंद आहे, म्हणून पहिल्या क्षणाचा रेटा तीस किलो उचलण्याएवढा असेल. सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात पाणी संपेल. डोळ्याला फक्त पांढरा फवारा दिसेल. त्यानंतर बाटलीकडे पाहू नका, तिच्या शेपटीकडे पहा. ती डोलते का, किती वेळा डोलते आणि कधी स्थिर होते, ते मला येऊन सांगा.

चुन्याच्या रेषेच्या पुढे कुणी यायचं नाही, मोठ्यांनीही नाही. दाब भरलेल्या बाटलीजवळ फक्त मी जाणार, चष्मा लावून, आणि दोरी दुरून ओढणार. वारा पश्चिमेकडून आहे, तेव्हा सगळे चिंचेच्या बाजूला उभे रहा. शाडूचा गोळा बसवलाय, पंख दाबून पाहिलेत. पंप कुणी आणलाय? चला.