नर्सिंगचा निर्णय घरात केव्हा होतो

(यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयाच्या पालक मेळाव्यात परिचर्या (नर्सिंग) महाविद्यालयाच्या पाठ्यनिर्देशिकेने, म्हणजे शिक्षिकेने, दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित पालक, शिक्षक आणि विद्यार्थी मित्रहो,

नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या मुलींना आम्ही पहिल्याच आठवड्यात विचारतो, की हे क्षेत्र तुम्ही का निवडले. बहुतेकींचे उत्तर ठरलेले असते: रुग्णसेवेची आवड आहे. हे उत्तर खोटे नसले तरी अपुरे असते. घरात हा विषय पहिल्यांदा कोणी काढला, असे विचारले की मग खरी माहिती बाहेर येते. कोणाची आई आशाताई असते, कोणाचे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले असतात, कोणाच्या मामांनी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरकडे चौकशी केलेली असते. आणि काही मुली मान खाली घालून सांगतात, की बाबांनी फॉर्म भरला, मी सही केली.

आईवडिलांचा प्रभाव पडतो की नाही, हा वादाचा विषय नाही. तो केव्हा पडतो, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. बारावीचा निकाल लागला की घरात बैठक बसते, पाहुण्यांना फोन होतात, आणि आपण समजतो की आता मुलीच्या आयुष्याचा निर्णय होत आहे. खरे तर त्यातला मोठा भाग दोन वर्षांपूर्वी, दहावीनंतर शाखा निवडताना होऊन गेलेला असतो, आणि त्या वेळी घरात नर्सिंग हा शब्दही कोणी उच्चारलेला नसतो.

हे नीट समजून घ्या. नर्सिंगचे प्रमुख अभ्यासक्रम तीन. ए.एन.एम. (साहाय्यक परिचारिका व प्रसविका) दोन वर्षांचा, जी.एन.एम. (सामान्य परिचर्या व प्रसविका) तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. ए.एन.एम. आणि जी.एन.एम.साठी कला शाखेची बारावी चालते, जी.एन.एम.ला इंग्रजी विषयासह किमान ४० टक्के गुण लागतात. बी.एस्सी. नर्सिंगला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के हवेत, आणि राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आता दहावीला चांगले गुण मिळालेली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. विज्ञान शाखा तालुक्याच्या गावी आहे, कला शाखा जवळ आहे. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो, म्हणजे अडचण भाड्याची नाही. हिवाळ्यात अंधार पडल्यावर फाट्यावर उतरून घरापर्यंत चालत यावे लागते, ही अडचण आहे. शिवाय दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो आणि वेचणीला घरचे हात लागतात. वडील म्हणतात, "जवळच्याच कॉलेजात टाकून देऊ." त्या एका वाक्याने, कोणाच्याही मनात तसे नसताना, चार वर्षांच्या पदवीचा थेट रस्ता बंद झालेला असतो. दोन वर्षांनी तेच वडील आमच्याकडे येतात आणि म्हणतात, "मॅडम, पोरीले नर्स कराचं हाये, दोन वर्साचा कोर्स असन तं सांगा."

अभ्यासक्रमातल्या या फरकाने पुढचे काम बदलते. ए.एन.एम. झालेली मुलगी गावच्या आरोग्य उपकेंद्रात आरोग्यसेविका होऊ शकते. सपाट भागात ५,००० आणि आदिवासी, डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असे मानक आहे, आणि गरोदर मातांची तपासणी, लसीकरण, गृहभेटी हे त्या उपकेंद्राचे काम तिच्या अंगावर असते. ते काम मी कमी लेखत नाही. गावाच्या आरोग्याचा कणा तीच आहे. पण शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, व्हायचे असेल, तर जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. लागते. पुढे शिक्षिका व्हायचे, एम.एस्सी. करायचे, तर पदवी लागते. जी.एन.एम.नंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम करून पदवीपर्यंत पोहोचता येते, म्हणजे दार कायमचे बंद होत नाही. मात्र वळसा पडतो, आणि त्या वळशाच्या काळातच आपल्याकडे मुलींची लग्ने होतात.

प्रभावाचा दुसरा प्रकार घरातल्या आजारपणातून येतो. घरातले कोणी सेवाग्रामला, सावंगीला किंवा नागपूरला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात भरती झाले, की पेशंटजवळ कोणी राहायचे असा प्रश्न पडतो. शेतीची कामे अंगावर असतात, आई घर सोडू शकत नाही, भावाची परीक्षा असते. मग नववी-दहावीतली मुलगी आजीच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून राहते. सलाइन संपत आले की सिस्टरला हाक मारायला धावणे, औषधाच्या वेळा लक्षात ठेवणे, आजीला कुशीवर वळवणे हे ती करते. याच दिवसांत ती परिचारिकेला काम करताना जवळून पाहते, आणि कित्येकींच्या मनात हे क्षेत्र तेथेच रुजते. तिला तेथे पाठवण्यात आईवडिलांचा हेतू काही शिकवण्याचा नसतो, तरीही तो त्यांचाच प्रभाव असतो.

यात एक धोका आहे. घरच्या माणसाची सेवा आणि परिचर्येचा व्यवसाय यांत अंतर आहे, आणि "आमची पोरगी आजीचं सगळं करते, ती चांगली नर्स होईल" हे वाक्य ऐकले की मला काळजी वाटते. ती होईलही, पण पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र समोर येते, पुस्तके इंग्रजीत असतात, आणि रुग्णाच्या वजनानुसार औषधाची मात्रा काढताना दशांश चिन्ह एक घर सरकले तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. मायाळू स्वभाव एवढ्यासाठी पुरत नाही. ज्या पालकांनी मुलीला सेवेबरोबर गणितही नीट शिकू दिले, त्यांनी तिची मोठी तयारी करून दिलेली असते.

या ठिकाणी आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या वडिलांची आठवण मला नेहमी होते. १८२० साली सुखवस्तू इंग्रज कुटुंबात जन्मलेल्या या मुलीला वडिलांनी घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवले. १८४५मध्ये तिने रुग्णालयात काम शिकण्याची इच्छा सांगितली, तेव्हा त्याच घराने विरोध केला, कारण त्या काळी तेथे परिचारिकेचे काम प्रतिष्ठित घरातल्या मुलीचे मानले जात नव्हते. आई आणि बहिणीचा विरोध तर अनेक वर्षे टिकला. अखेर १८५३ साली वडिलांनी तिला वर्षाला ५०० पौंडांची स्वतंत्र रक्कम बांधून दिली आणि ती लंडनमधल्या एका रुग्णालयाची अधीक्षक झाली. पुढच्याच वर्षी ती क्रिमियाच्या युद्धात गेली. सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी मांडून तिने सरकारला जागे केले. विचार करण्याची सवय वडिलांनीच लावली, अडवणूकही त्याच घराने केली आणि मोकळीकही शेवटी वडिलांनीच दिली. एकाच बापाच्या हातून हे सगळे होऊ शकते.

आपल्याकडेही हा विरोध जुना आहे. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदन या स्त्रियांच्या संस्थेत रमाबाई रानडे यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था केली, तेव्हा परक्या पुरुषाच्या शरीराला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र काढायचे, ही गोष्ट पांढरपेशा घरांना सहन होणारी नव्हती. आज जातीचे कारण उघडपणे कोणी सांगत नाही. आज रात्रपाळीचे कारण सांगितले जाते. मुलगी रात्री घराबाहेर राहणार, हे ऐकून वडील गप्प होतात, आणि आई हळूच विचारते, की लग्नाचे कसे होईल. गंमत अशी, की स्थळे पाहायला आलेली मंडळीच आता नोकरीवाली मुलगी मागतात, आणि मग तीच रात्रपाळी चालून जाते.

मुलांबद्दलही थोडे बोलले पाहिजे. वॉर्डात पुरुष परिचारकाला ब्रदर म्हणून हाक मारतात, जी.एन.एम. आणि बी.एस्सी. नर्सिंगला मुलांनाही प्रवेश मिळतो, तरी "मुलगा असून नर्स?" हा प्रश्न बहुधा वडिलांकडूनच येतो. त्यांनी नाक मुरडले की मुलगा मुकाट्याने दुसरीकडे अर्ज भरतो.

आता पैशाचा हिशेब. लवकर नोकरी लागेल म्हणून नर्सिंग, या विचाराला मी नावे ठेवणार नाही. कापसाचा भाव आणि पाऊस यांच्यावर ज्यांचे वर्ष अवलंबून असते, त्यांनी मुलीसाठी दरमहा येणारा पगार शोधला तर त्यात लाज कसली? पण हिशेब पुरा करावा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या केंद्रीय समितीने २०१६ साली लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली. ती शिफारस होती, कायदा नव्हे, आणि खासगी नोकरी स्वीकारताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. दुसरीकडे, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, २०२४-२५पासून राज्य शासनाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केले आहे. पैसे नाहीत म्हणून दोन वर्षांचाच कोर्स, असे ठरवण्याआधी ही चौकशी व्हायला हवी.

प्रवेशाच्या हंगामात काही दलालही गावात फिरतात. "एका वर्षात नर्स, नोकरीची हमी" असे सांगून ते शेतकऱ्याकडून रोख रक्कम घेतात, आणि शेवटी मुलीच्या हातात जे प्रमाणपत्र पडते, त्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. नोंदणी नसेल तर ती कायद्याने परिचारिका ठरत नाही, एवढे सरळ आहे. म्हणून पैसे देण्याआधी संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि राज्य परिषदेची मान्यता आहे का ते परिषदांच्या संकेतस्थळावर पाहा, मुलींना प्रात्यक्षिकासाठी कोणत्या रुग्णालयात नेतात ते विचारा, आणि शक्य झाल्यास त्या वॉर्डात जाऊन तेथे काम करणाऱ्या विद्यार्थिनींशी बोला. वसतिगृहही पाहून या. या फेरीला मुलीला सोबत न्या आणि प्रश्न तिला विचारू द्या. तुमच्या समोर ती काय विचारते, हे ऐकल्यावर तिला कोणत्या अभ्यासक्रमाला घालायचे, याचा अंदाज तुम्हालाच येईल. ज्यांची मुले यंदा दहावीला आहेत, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे; तालुक्यातल्या विज्ञान शाखांची आणि मुलींच्या वसतिगृहांची माहिती येथे प्राचार्यांकडे आहे.