प्रश्न विचारल्यानंतरचे तीन सेकंद

मित्रमैत्रिणींनो, सुट्टी संपवून शाळेत पाऊल टाकताना पोटात थोडा गोळा येतोच. इतकी वर्षं शिकवून माझ्याही पोटात येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं. नवा हजेरीपट हातात पडतो आणि आपण मनाशी ठरवतो, यंदा सगळं नीट करायचं. पंधरा दिवस ते टिकतं. मग पोर्शन मागे पडतो, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे साचतात, आणि स्टाफरूममध्ये आपण गेल्या वर्षीचीच वाक्यं बोलायला लागतो.

तो उत्साह खोटा नसतो. एकदम दहा ठिकाणी वाटला जातो म्हणून पुरत नाही. आज मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागायला उभी आहे: प्रश्न विचारल्यावर थांबा.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी विज्ञानाच्या वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं होतं. १९७० च्या दशकातलं हे काम. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत. तेवढ्यात उत्तर नाही आलं, की प्रश्न पुन्हा विचारायचा, नाहीतर दुसऱ्याला उठवायचं. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलं आपणहून बोलू लागली. त्यात एक गोष्ट मला फार लागली. शिक्षक ज्यांना हुशार समजत, त्यांच्यासाठी ते जवळजवळ दोन सेकंद थांबत. ज्यांना कच्चं समजत, त्यांच्यासाठी एक सेकंदही नाही. म्हणजे ज्याला वेळ जास्त लागणार, त्यालाच आपण कमी देतो! हे वाचलं त्या रात्री मला माझे कितीतरी वर्ग आठवले.

त्यानंतरच्या वर्षी माझ्या तुकडीत एक मुलगी आली. ‘हिला काही येत नाही,’ असं मला आधीच सांगून ठेवलेलं. अपूर्णांकांचा तास होता. तिला विचारलं, “अर्धा मोठा की एक तृतीयांश?” पुढच्या बाकांवरचे हात लगेच वर. मी बुटातल्या अंगठ्याने एक, दोन, तीन मोजलं. फार लांब वाटतात हो तीन सेकंद! ती खाली बघत होती. मला वाटलं, आता रडते की काय. मग दिसलं, की ती बोटाने बाकावर गोल काढतेय आणि त्याचे भाग पाडतेय. “अर्धा,” ती म्हणाली, “तिघांत वाटलं तर प्रत्येकाला कमी येतं.”

‘शाब्बास’ अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण रो बाईंनी दोन थांबे सांगितलेत, दुसरा उत्तरानंतरचा. तो आपण हमखास विसरतो, कारण बरोबर उत्तर आलं की आपल्याला पुढे सरकायची घाई असते. मी पुन्हा अंगठ्याने मोजायला लागले. तिने मान वर केली आणि म्हणाली, “पण बाई, दोन्ही गोल सारखेच असले तर हं. एक मोठा असला तर सांगता नाही येणार.”

पुढच्या बाकांवरचे हात एव्हाना खाली आले होते. सगळी मुलं मागे वळून तिच्याकडे बघत होती.