वाळूच्या टेकड्यांवर क्वाड बाइक: माथ्यापलीकडे आधी गाइड

[दृश्य: सकाळची वेळ. टेकडीची धार. अलीकडे लहरी उमटलेला लांब उतार, पलीकडे गुळगुळीत कड.]

वाळूच्या टेकडीला दोन बाजू असतात आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. वारा जिकडून येतो तिकडचा उतार लांबट, साधारण १० ते १५ अंशांचा. उड्या मारत पुढे सरकणाऱ्या कणांनी तो ठोकून ठोकून बऱ्यापैकी घट्ट केलेला असतो. हीच वाळू माथ्यावर पोहोचली की पलीकडे ढासळते. कोरडी वाळू ३२ ते ३४ अंशांपेक्षा उभी राहत नाही. त्यावर थोडी जरी भर पडली तरी वरचा थर घसरून खाली येतो. त्यामुळे पलीकडची बाजू कायम ढासळायच्या बेतात असते, आणि तिच्यात पाय घोट्याच्या वर रुततो.

पर्यटकांची क्वाड बाइक, म्हणजे जाड टायरांची, हँडलनं वळवायची उघडी चारचाकी, सहसा पहिल्या बाजूनं चढते आणि दुसऱ्या बाजूनं उतरते. चढताना डोळ्यांसमोर फक्त वाळू आणि आकाश. माथ्यामागे काय आहे ते शेवटच्या दोन-तीन मीटरपर्यंत कळत नाही. साधा उतार असेल, उभी कड असेल, खोल वाटी असेल, नाहीतर समोरून चढत येणारी दुसरी बाइक. त्यात रात्री वारा फिरला, तर काल जिथून आरामात उतरता आलं तिथेच सकाळी कड तयार झालेली असते. म्हणून गाइडचं पहिलं काम एकच: प्रत्येक माथा आधी स्वतः पाहायचा, मग मागच्याला बोलवायचं.

[दृश्य: ओळीनं उभ्या क्वाड बाइका. मागच्या टायरजवळ हवेचं छोटं मीटर.]

या गाड्यांचा पूर्वज तीनचाकी होता. होंडानं तो १९७० मध्ये अमेरिकेत विकायला काढला. वळणावर तो फार सहज उलटायचा. सुझुकीनं १९८२ च्या सुमारास चारचाकी आणली, आणि १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीनंतर कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. चौथं चाक आलं, पण रुंदीच्या मानानं उंची जास्त हा मूळ दोष थोडाफार राहिलाच. गाडीचं वजन २०० ते ३०० किलो. उलटली तर ती तुमच्या अंगावर येणार, हे धरूनच पुढचे सगळे नियम आहेत.

वाळूवर निघण्याआधी गाइड सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो टायरवर. हवा ३ ते ५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक), म्हणजे मोटारीच्या टायरच्या सहाव्या ते दहाव्या हिश्श्याइतकी. हवा कमी असली की टायर पसरतो, वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळू खणत बसण्याऐवजी तिच्यावरून चालतं. पेट्रोल पंपावरचं मीटर एवढा कमी दाब नीट दाखवत नाही, त्यासाठी शून्य ते दहापर्यंतचं वेगळं मीटर लागतं. डाव्या आणि उजव्या टायरमध्ये एका पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका अंगाला ओढते आणि नवख्याला वाटतं, आपल्यालाच हँडल धरता येत नाही. हवा फारच कमी केली तर वळणावर टायर रिमवरून निसटतो. उन्हानं आणि चालण्यानं टायर तापले की दाब थोडा चढतो, म्हणून अर्ध्या तासानं पुन्हा तपासायचा.

[दृश्य: हँडलचा क्लोजअप. उजवा अंगठा, त्याखालची छोटी दांडी, मनगटाला अडकवलेली दोरी.]

थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची दांडी, मोटरसायकलसारखा पिळायचा नसतो. तो अंगठ्यानं दाबायचा असतो. सोय आहे, आणि धोकाही तिथेच आहे. गचका बसला की माणूस हँडल घट्ट धरतो, अंगठाही आपोआप दाबला जातो आणि गाडी नको त्या क्षणी उसळते. यावर दोन उपाय. पहिला, मनगटाला अडकवलेली दोरी: माणूस पडला की ती खेचली जाते आणि इंजिन बंद होतं. दुसरा, बऱ्याच गाड्यांवर थ्रॉटलच्या डबीत बसवलेला मर्यादेचा स्क्रू. तो आत फिरवला की अंगठा पूर्ण दाबूनही गाडी ठरावीक वेगापुढे जात नाही. मात्र स्क्रू फार आवळला तर मऊ चढावर ताकदच मिळत नाही आणि गाडी मध्येच बसते. नवख्याला सुरुवातीला आवळून आणि हात बसल्यावर थोडा सैल करून देणारा गाइड कामात मुरलेला समजावा.

लांब सीट पाहून दोघं बसू लागतात. ती सीट दोघांसाठी नाही. चढावर पुढे, उतारावर मागे, वळणावर आत असं शरीर सरकवायला जागा लागते, म्हणून ती लांब आहे. मागे कुणी बसलं की ती जागा संपते आणि चढावर वजन मागच्या चाकामागे जातं. दोघांसाठी बनवलेल्या गाड्या वेगळ्या येतात, त्यांची चौकटही लांब असते. मुलांबाबतही तसंच. मोठ्यांसाठी बनवलेली गाडी १६ वर्षांखालच्यांसाठी नाही, असा इशारा कंपन्या स्वतः गाडीवर चिकटवतात.

कपड्यांचं थोडक्यात. हेल्मेट डोक्यावर हलता कामा नये आणि पट्ट्याखाली दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. डोळ्यांवर फोमची कड असलेला गॉगल, कारण साध्या चष्म्याच्या कडेनं वाळू आत येते. घोटा झाकणारे बूट, लांब पँट, हातमोजे. सायलेन्सर पोटरीजवळून जातो, हाफ पँटमधल्या पर्यटकाला त्याचा चटका बसतो. नाकातोंडावर नळीसारखी शिवलेली कापडी पट्टी घ्यायची. ओढणी, मफलर, उपरणं यांची टोकं मोकळी सोडायची नाहीत. ती मागच्या चाकांच्या दांड्यात किंवा चेनमध्ये गुंडाळली गेली तर गळ्याला फास बसतो, आणि त्या वेळी मनगटाची दोरी खेचण्याइतकीही सवड मिळत नाही.

[दृश्य: सपाट वाळू. दोन खुणांभोवती आठच्या आकारात फिरणारे पर्यटक.]

पहिली दहा-पंधरा मिनिटं सपाट जागेवरच जायला हवीत. हे टाळून थेट टेकडीवर नेणारा गाइड तुमचा वेळ वाचवत नाही, स्वतःचा वाचवतो. इथे वळणं शिकायची. अनेक साध्या क्वाडची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर बसवलेली असतात आणि सारख्याच वेगानं फिरतात. वळणावर आतलं चाक हळू फिरायला हवं, ते फिरत नाही, म्हणून हँडल वळवलं तरी गाडी सरळच घुसते. उपाय असा: अंग वळणाच्या आत झुकवायचं आणि भार बाहेरच्या पायावर टाकायचा. आतल्या चाकावरचं ओझं हलकं होतं, ते थोडं घसरतं आणि गाडी वळते. मोटरसायकल चालवणाऱ्यांना एक सवय इथे सोडावी लागते, ती म्हणजे तोल जातोय असं वाटलं की पाय खाली टेकवायची. मागचं चाक त्याच पायावरून जातं.

[दृश्य: उंचावरून ओळ. पुढे गाइड, मागे पाच गाड्या, शेवटी दुसरा गाइड. प्रत्येकावर उंच काठी आणि झेंडा.]

ओळीचा क्रम ठरलेला असतो. सगळ्यात कच्चा चालक गाइडच्या लगेच मागे, सगळ्यात पक्का शेवटच्या गाइडच्या पुढे. सपाटीवर दोन गाड्यांत किमान २५-३० मीटर अंतर. हात वर करून मूठ म्हणजे थांबा. तळवा खाली करून हलवला की वेग कमी. झेंड्याचं काम माथ्यावरचं आहे. गाडी दिसायच्या आधी पलीकडून झेंडा दिसतो. कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल सँड ड्यून्समध्ये झेंड्याच्या काठीचं टोक जमिनीपासून किमान ८ फूट उंच असावं असा नियमच आहे.

गाइडच्या मागावरून चालायचं, कारण त्या वाळूवरून एक गाडी आत्ताच गेलेली असते. पण इथे एक बारकावा आहे. प्रत्येक गाडीगणिक तो माग उकरला जातो आणि चौथ्या-पाचव्या गाडीला भुसभुशीत चर मिळतो. म्हणून उभ्या चढावर मागच्यांनी अर्धा चाकभर बाजूला सरकून कोऱ्या वाळूवरून चढावं. अर्धा चाकभरच, त्याहून जास्त नाही.

गाइड वाट निवडतो ती वाळूचा पोत पाहून. बारीक, जवळजवळ लहरी दिसल्या तर वाळू सहसा घट्ट. लहरी नसलेला गुळगुळीत, सपाट पट्टा म्हणजे नुकतीच ढासळलेली मऊ वाळू. दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत वारा मऊ वाळू आणून टाकतो, तिथे थांबायचं नाही. थांबायचंच असेल तर गाडीचं तोंड उताराकडे करून, म्हणजे पुन्हा निघताना चाक रुतत नाही.

[दृश्य: एक गाडी चढते आहे. बाकीच्या पायथ्याशी थांबलेल्या.]

चढ एकेकानं. पुढचा माथ्यावरून बाजूला झाल्याचा इशारा गाइडनं दिला की मगच दुसरा निघतो. वेग सपाटीवरच घ्यायचा, चढ सुरू झाला की थ्रॉटल एकसारखा. अंग पुढे, पायांवर उभं राहून. मध्येच थ्रॉटल सोडला तर गाडी बसते, एकदम दाबला तर चाक खणतं. गाडी दमतेय असं वाटलं तर वेग पूर्ण जायच्या आधीच, थोडी गती असताना मोठं वळण घेऊन खाली यायचं. गती संपल्यावर चढावर आडवी वळवायला जाऊ नये, उलटते ती तेव्हाच. थांबलीच तर ब्रेक दाबून धरायचा, अंग चढाच्या बाजूला टाकायचं, आणि उतरायचं तेही वरच्या अंगाला. मागे घसरू लागली आणि मागचा ब्रेक जोरात दाबला, तर पुढची चाकं उचलून गाडी मागे पालथी होते. पुढचा ब्रेक हळूहळू. आणि पडायलाच लागली तर सोडून द्यायची. पाय लावून अडीचशे किलो कुणालाही तोलत नाहीत.

माथ्याच्या शेवटच्या दहा मीटरांत थ्रॉटल कमी करत, जेमतेम वर पोहोचायचं. गाइड धारेला समांतर थांबून पलीकडे पाहतो आणि हातानं दिशा दाखवतो. पूर्ण वेगानं माथा ओलांडला तर गाडी हवेत जाते आणि ३२-३४ अंशांच्या मऊ उतारावर पुढची चाकं आधी खुपसतात. चित्रफितींमधल्या उड्या वेगळ्या गाड्यांवर, आधी पायी जाऊन पाहिलेल्या टेकड्यांवर मारलेल्या असतात.

उतरायचं सरळ खाली. अंग मागे, हात सैल, गिअर कमी. पुढचा ब्रेक दाबला की पुढची चाकं वाळूत घुसतात आणि माणूस हँडलवरून जातो. उलट, किंचित थ्रॉटल दिला तर पुढचं तोंड हलकं राहतं. घाबरलेला माणूस इथे नेमकं चूक करतो: सरळ उतार भयंकर वाटतो म्हणून तो तिरका उतरू पाहतो. तिरकं गेलं की खालच्या अंगाची दोन चाकं रुततात, कल वाढतो आणि गाडी लोळते. तसं व्हायला लागलं तर हँडल उताराकडे वळवायचं, गाडी सरळ होते.

[दृश्य: रुतलेलं मागचं चाक. दोन माणसं पुढची वाळू हातानं बाजूला करताहेत.]

गाडी रुतली की थ्रॉटल सोडा. एवढं एक ऐकलं तरी निम्मं काम होतं. चाक फिरवत राहिलं तर गाडी पोटावर टेकते आणि मग चार माणसं लागतात. उतरून चाकांपुढची वाळू काढायची, गाडी डावी-उजवी हलवायची म्हणजे चाकाखाली वाळू भरते, मग एकानं अगदी हलका थ्रॉटल देत बाकीच्यांनी बाजूनं ढकलायचं. मागे उभं राहिलं तर तोंडभर वाळू मिळते. बेल्टवर चालणाऱ्या गाडीत जळक्या रबराचा वास आला तर थांबून बेल्ट थंड होऊ द्यावा. जास्त ओझं खेचताना मोठ्या गिअरमध्ये ठेवल्याचा तो परिणाम.

वेळ निवडताना उन्हापेक्षा सावलीचा विचार करा. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, सावल्या पडत नाहीत, खड्डा आणि उंचवटा एकाच रंगाचे दिसतात. सकाळी आणि दुपार उलटल्यावर प्रत्येक लहर वेगळी दिसते. फक्त सूर्यास्ताकडे तोंड करून चढू नये, माथा दिसतच नाही.

[दृश्य: झुडपाभोवती साचलेला छोटा उंचवटा. पलीकडे बारीक खड्यांचं मैदान, त्यावर जुने चाकांचे माग.]

झुडपांभोवतीचे उंचवटे टाळायचे. मुळांनी बांधलेली ती वाळू दगडासारखी कडक असते आणि जनावरांचा आसराही तिथेच असतो. मोकळ्या टेकडीवरचे माग वारा पुसून टाकतो, पण टेकड्यांमधल्या खड्यांच्या मैदानावरचे माग कित्येक वर्षं राहतात. नामिबियाच्या किनाऱ्यालगत अशाच मैदानांवर डमारा टर्न हा छोटा पक्षी जमिनीवर अंडी घालतो. अंडी खड्यांतून ओळखूच येत नाहीत. ठरलेल्या वाटेबाहेर गाडी नेऊ न देणारा गाइड कुरकुर करतोय असं वाटलं, तर हे लक्षात असू द्या.

पैसे भरण्याआधी विचारायच्या गोष्टी मोजक्याच. शेवटी दुसरा गाइड असतो का? सपाटीवरचा सराव किती वेळ? मोबाइलला रेंज नसलेल्या जागी संपर्क कशानं करतात? आणि गाडीजवळ गेल्यावर मागचा ब्रेक दाबून, मनगटाची दोरी ओढून इंजिन खरंच बंद पडतं का ते स्वतः पाहा. जमलं तर एअर फिल्टरची चौकशी करा. वाळूत फोमचा फिल्टर रोज धुऊन, वाळवून, तेलात भिजवून पुन्हा बसवावा लागतो. कोरडा बसवला तर बारीक वाळू सिलिंडरमध्ये जाते, ताकद उतरते, आणि ती गाडी पहिल्याच मोठ्या चढावर तुमच्याखाली बसते.