पोटातली गाठ आणि सीबीसीतला एक आकडा

पाऊस लागला की बेळगावजवळच्या जांबोटी, कणकुंबीकडं बेडकांचा नुसता कालवा असतो, भाताच्या वाफ्यात, विहिरीच्या कडेला, आणि पोरं दिवसभर त्याच चिखलात. या बेडकांच्या, पाली-सरड्यांच्या आतड्यात एक बुरशी राहते, बॅसिडिओबोलस रॅनॅरम. त्यांच्या विष्ठेतून ती मातीत येते, कुजलेल्या पाल्यात राहते. आयडाम नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1886 मध्ये तिची नोंद केली, माणसाच्या अंगात मात्र ती पहिल्यांदा सापडली 1956 ला, इंडोनेशियात.

दक्षिण भारतात ती दिसते ती बहुतेक कातडीखाली, लहान पोरांच्या मांडीवर नाहीतर कुल्ल्यावर, कडक सूज आणि दुखणं जवळजवळ नाहीच. पोटात जाणं फार क्वचित. तशा केसेस सौदीच्या नैऋत्य भागातून, इराणमधून, अमेरिकेतल्या ॲरिझोनातून जास्त आल्यात, मातीबरोबर तोंडावाटे जात असावी असं मानतात. म्हणून उद्यापासून बेडूक मारत सुटू नका, आणि एका पोराचं दुसऱ्याला होतं असंही काही नाही.

आता समजा खानापूरकडचं एक पोर आहे, ही बुरशी पोटात जाऊन गाठ झालेलं. पोटात दुखायलंय म्हणतंय, अधूनमधून ताप, वजन उतरलंय, उजव्या बाजूला हाताला गाठ लागते. आधी गावातला डॉक्टर, मग बेळगाव, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, आणि घरच्यांच्या कानावर दोनच शब्द येतात, टीबी नाहीतर कॅन्सर. त्यात डॉक्टरांची चूक म्हणता येत नाही, आपल्याकडं पोटाचा टीबी खरंच असतो आणि स्कॅनमध्ये ही बुरशीची गाठही तशीच दिसते. पण कधी टीबीचा कोर्स सुरू होतो, कधी क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज येणारा आजार, समजून स्टेरॉइड, आणि स्टेरॉइडनं बुरशीला रान मोकळंच मिळतं.

खरी खूण बऱ्याचदा साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीत असते. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी एरवी पाच-सहा टक्क्यांच्या आत असतात, या आजारात त्या खूप वाढतात. गंमत अशी की हा आकडा बघून आपल्याकडं पहिलं तोंडात येतं ‘जंत असतील’, आणि गोळी देऊन विषय संपवतात. जंत असतीलही, पण गोळी देऊनही आकडा उतरत नाही आणि पोटात गाठ आहे, तर तिथं थांबून चालत नाही.

पक्कं निदान बायोप्सीनंच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासूनच. मायक्रोस्कोपखाली रुंद, पातळ भिंतीचे धागे दिसतात आणि त्यांच्याभोवती गुलाबी थर. एक गोष्ट मात्र ऑपरेशनच्या आधीच विचारायची, सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकणार काय? तुकडा टिकवायच्या या रसायनात बुरशी मरते, मग लॅबमध्ये ती वाढवून ओळखता येत नाही (यालाच कल्चर म्हणतात), म्हणून थोडा तुकडा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा, फंगल कल्चरला.

उपचार आहे. गरज पडली तर गाठ काढतात, पुढं इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल कित्येक महिने, मधूनमधून लिव्हरची तपासणी. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल असेल तर जेवणाबरोबर द्यायची आणि ॲसिडिटीची गोळी तिच्यासोबत नाही, नाहीतर औषध अंगी लागतच नाही.